दगडांसकट चारशे अठरा

बेकर्स क्रीक, नेब्रास्का
२ मार्च १९८७

प्रिय व्हर्लिन,

नाताळचं पत्र आणि मॅक्सीनचं जर्दाळूचं जॅम, दोन्ही पोहोचलं. जॅम संपलं आणि पत्राला उत्तर अजून गेलेलं नाही, म्हणून तू चिडला असशील. घरात एक गोष्ट घडली आणि ती लिहायला हात होत नव्हता. आता सरळ लिहिते. हार्लनचं लायसन्स गेलं.

डोळ्यांचं तुला माहीत आहेच. मधलं दिसत नाही, कडा दिसतात. टेबलाच्या टोकाला ठेवलेला कप दिसतो, पण समोर बसलेल्या माझं तोंड दिसत नाही. वर म्हणतो, एकेचाळीस वर्षं पाहिलंय, आता फारसं अडत नाही. जानेवारीत तपासणीला गेला तेव्हा तिथल्या मुलीने लायसन्स उचललं ते परत दिलंच नाही. त्याच आठवड्यात त्याने आपली जुनी गाडी शेजारच्याला विकून टाकली. ते धूड तुला आठवत असेल, मागे कोठार बांधलं असतं तरी कुरकुरलं नसतं. मला विचारलंसुद्धा नाही. आता म्हणतो, ट्रेलरही, आपलं चाकांवरचं घरही, विकू.

मी म्हटलं, "ट्रेलर माझाही आहे."

"मग ओढणार कोण?"

"मी."

त्यावर तो हसला, व्हर्लिन. एकोणीस वर्षं मी शाळेची बस चालवते. बर्फ, चिखल, धुकं, एक दिवस खाडा नाही. पन्नास लेकरांचा जीव माझ्या हातात चालतो, पण याचा ट्रेलर चालत नाही. आजवरच्या सगळ्या सहलींत माझं काम काय, तर मुक्काम आला की खाली उतरायचं, मागे उभं राहायचं, तो गाडी मागे घेईल तसे हात हलवायचे आणि चुकलं की बोलणी खायची. आमच्या ट्रेलरवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्या बायकांचं हेच काम आहे. ट्रेलर मागे घेऊन झाल्यावर जे जोडपं एकमेकांशी बोलतं, ते टिकणार असं तिथे म्हणतात.

क्लबाची गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण घाई तिच्यामुळे आहे. प्रत्येक ट्रेलरच्या कपाळावर क्लबाचा लाल नंबर असतो. आमचा चारशे अठरा. जुलैच्या मेळाव्याला सलग तीन उन्हाळे आलं नाही की नंबर रांगेतल्या दुसऱ्याला जातो. दोन वर्षांपूर्वी हार्लनच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, गेल्या वर्षी आमच्या लेकीचं, रुथीचं, बाळंतपण. हा तिसरा उन्हाळा. मेळावा यंदा कोलोरॅडोत आहे, मोठी खिंड ओलांडून. लोक आम्हांला आडनावाने ओळखत नाहीत, "चारशे अठरा आले" म्हणतात. तो नंबर मी जिवंतपणी दुसऱ्याच्या कपाळावर बघणार नाही.

हार्लन रोज दुपारी ट्रेलरमध्ये जाऊन बसतो. तास तास. रुसलेल्या पोरासारखा. हाक मारली तर ओ देत नाही.

मला गाडी घ्यायची आहे. पिकअप. तू जन्मभर गुरांचे ट्रक हाकलेस, तुझ्याइतकं कळणारं आपल्या घरात कोणी नाही. कोणती घेऊ सांग.

तुझी,
ली


ओल्ड मिल, मिसूरी
१२ मार्च १९८७

प्रिय ली,

हार्लनचं वाचून वाईट वाटलं. माणूस हेकट आहे, पण गाडी उत्तम चालवायचा. माझ्या मेव्हण्याबद्दल एवढं चांगलं मी पहिल्यांदाच लिहितोय, त्याला वाचून दाखव.

गाडी घेऊ नकोस. कुठल्याही दुकानात पाय ठेवू नकोस. ते लोक तुला चकचकीत रंग दाखवतील आणि खिडक्या बटणावर खाली-वर होतात एवढंच सांगतील. तू माझी घे.

माझी अर्ध्या टनाची पिकअप तू पाहिली आहेस. पाच वर्षांची झाली, पण चर्च आणि तळं यापलीकडे गेली नाही. दर शनिवारी धुतलेली आहे. विकणाऱ्याने तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, साडेसात हजार पौंड ओढेल. तुझा ट्रेलर कागदावर किती आहे? साडेपाच, पावणेसहा हजार? मग झालं तर. दुसरीतल्या पोराचं गणित आहे.

आणि ती आपल्या कंपनीची आहे. बाबांनी खेचरं विकून पहिली गाडी आणली त्या दिवसापासून आपल्या कोणाच्या दारात दुसऱ्या कंपनीची गाडी उभी राहिलेली नाही. जेवताना त्या दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं म्हणून शेजारच्या एल्डनच्या बापाला बाबांनी ताटावरून उठवलं होतं, आठवतं? आपलं घराणं काही फार मोठं नाही, पण एवढी एक गोष्ट आपण पाळली आहे.

तू लहानपणी गव्हाचा ट्रक चालवायचीस तेव्हा तुझे पाय क्लचला पोहोचत नसत. मी खाली बसून हातांनी क्लच दाबायचो आणि तू स्टिअरिंग धरायचीस. तेव्हाच मी बाबांना म्हटलं होतं, ही पोरगी चालवणार. तेव्हा हार्लनला हसू दे.

ईस्टरला मी गाडी घेऊन येतो. चाव्या तुझ्या हातात ठेवतो आणि बसने परत येतो. मॅक्सीनची मोटार आम्हां दोघांना पुरे. आभार मानायला लागू नकोस, मला कानकोंडं होतं.

व्हर्लिन


बेकर्स क्रीक
२४ मार्च १९८७

प्रिय व्हर्लिन,

पत्र हार्लनला वाचून दाखवलं. "हेकट कोण ते बघा" एवढंच म्हणाला, पण ऐकून झाल्यावर पुन्हा एकदा वाच म्हणाला.

तुझ्या गाडीबद्दल मी काय लिहू? दर शनिवारी धुतलेली गाडी कोणी बहिणीला देतं का? मी स्वयंपाकघरात उभी राहून थोडी रडले आणि मग बस घेऊन गेले.

दोनचार गोष्टी विचारते, रागावू नकोस. ती ओढते किती ते कळलं. ती वाहते किती? बसच्या शिकवणीत आम्हांला घोकून घेतलं होतं, की ओढणं निराळं आणि पाठीवर घेणं निराळं. ट्रेलरचं नाक गाडीच्या पाठीवर टेकतं, त्याचा भार गाडीच्या मागच्या चाकांवर येतो. त्यात मागच्या पेटीवरचं झाकण, हार्लनची हत्यारं, जनरेटर, माझी लोखंडी तवे-भांडी, कुत्रा आणि आम्ही दोघं. हे सगळं तुझी गाडी पाठीवर घेईल का? दाराच्या कडेला आत एक चिकटपट्टी असते, तिच्यावर आकडा असेल. बघून कळव.

मी हार्लनला त्याचं वजन विचारलं. तो म्हणाला, "लग्नात होतं तेवढंच." मग त्याने माझं विचारलं. मी म्हटलं, बटाटे सोलायचे राहिलेत.

सध्या शेजारच्या डॉर्कसचा ट्रक मागून आणून, त्याला तिचीच गवताची गाडी लावून चर्चच्या आवारात सराव करते. मागे घेताना उलटं वळवावं लागतं, ते पहिल्या दिवशी डोक्यात शिरेना. पाद्रीबाबांच्या गुलाबाचं एक झाड गेलं. आता येतं. काल मी ती दोन खांबांच्या मधे एका दमात घातली आणि खाली उतरून एकटीच गाडीभोवती फिरले. बघायला कोणी नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

तुझी,
ली


ओल्ड मिल
३ एप्रिल १९८७

ली,

चिकटपट्टी उन्हाने पांढरी पडली आहे. प्रश्न कमी कर आणि चाव्या घे. गुड फ्रायडेला संध्याकाळी पोहोचतो. हॅम मोठं आण.

व्हर्लिन


ओल्ड मिल
२७ एप्रिल १९८७

प्रिय ली,

बसचा प्रवास ठीक झाला. शेजारी एक बाई होती, तिला मी कॅन्सस सिटी येईपर्यंत सांगत होतो की माझी बहीण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी घर मागे बांधून खिंड ओलांडणार आहे. ती म्हणाली, "तिचा नवरा कुठे आहे?" मी म्हटलं, शेजारच्या सीटवर. 

ईस्टरच्या रविवारी जेवणानंतर तू ट्रेलर जोडून गावाबाहेर पाण्याच्या टाकीपर्यंत नेलास आणि आणलास, ते मी मागच्या मोटारीतून पाहिलं. वळणावर जराही डगमगली नाहीस. मला काय वाटलं ते तिथे बोललो नाही, कारण हार्लन जवळ उभा होता. बाबा असते तर त्यांनी टोपी काढली असती.

गाडी मागून जरा बसली होती हे मीही पाहिलं. काळजी करू नकोस. तिच्या स्प्रिंगांची जातच मऊ आहे, चाल त्यामुळेच गोड आहे. पुढची दोन चाकं हलकी वाटतात म्हणालीस, ते तुझ्या बसच्या सवयीमुळे. पन्नास मैल चालव, हात बसेल.

दारात आपली गाडी उभी पाहून फार बरं वाटलं.

व्हर्लिन


बेकर्स क्रीक
१९ मे १९८७

प्रिय व्हर्लिन,

शाळा शुक्रवारी संपली. शेवटच्या दिवशी शाळेच्या जेवणात चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचा गोड रोल होता, मुलांनी माझ्यासाठी एक रोल बसमध्ये आणून ठेवला, त्यावर मी बसलेच.

यंदा गारा फार आहेत. डॉर्कसचं काचघर फुटलं. हार्लन बरा आहे, आधीपेक्षा पुष्कळ बरा. कुत्र्याला उवा झाल्या होत्या, आता नाहीत. मॅक्सीनला सांग, जॅमसाठी ऱ्हुबार्बचे आंबट देठ खूप आलेत.

घाईत आहे. पुढे सविस्तर लिहिते.

तुझी,
ली


ओल्ड मिल
१ जून १९८७

लियोटा,

दोन पानांत गारा आणि कुत्र्याच्या उवा. माझ्या गाडीचं नाव नाही. मला वाटलं, कामात असशील.

शनिवारी एल्डन आला होता. तो गेल्या आठवड्यात तुमच्या गावावरून गेला. म्हणाला, "लियोटाच्या दारात त्या दुसऱ्या कंपनीची गाडी उभी आहे, आणि तुझी मागच्या शेडशेजारी ताडपत्रीखाली." हसत हसत सांगत होता. त्याच्या बापाला ताटावरून उठवलं त्याचं उट्टं त्याने चाळीस वर्षांनी काढलं, आणि ते काढायला तू त्याच्या हातात काठी दिलीस.

गाडी आवडली नव्हती तर तोंडावर सांगायचं. मला दारातून परत पाठवायचं. हॅम खाऊ घालून, आभार मानून, पाठ फिरल्यावर झाकून ठेवायची? मला लाज वाटावी असं तिच्यात काय होतं?

कोणाच्या सांगण्यावरून घेतलीस तेही कळव. तुझा नवरा आयुष्यभर म्हणत आलाय, की आपल्या घरात गाडी आणि देव एकाच दुकानातून येतात. त्याचं ऐकलंस वाटतं.

मॅक्सीन म्हणते, हे पत्र टाकू नका. मी टाकतोय.

व्हर्लिन


बेकर्स क्रीक
९ जून १९८७

प्रिय व्हर्लिन,

टाकलंस ते बरं केलंस. ताकाला जाऊन भांडं लपवत होते मी. तुझं मन मोडायची भीती होती आणि त्या भीतीपायी ते जास्तच मोडलं. आता सगळं लिहिते. बसून वाच.

ताडपत्री गारांसाठी आहे. शेडमध्ये ट्रेलर असतो, म्हणून तुझ्या गाडीवर मी गोधड्या टाकल्या आणि वरून ताडपत्री बांधली. नव्या गाडीला दोन पोचे आले. तुझ्या गाडीला एक ओरखडा नाही. हे एल्डनला सांग.

तू गेल्यावर मी पन्नास मैल चालवली, शंभर चालवली. हात बसेना. मागे जड, पुढे हलकं, मोठा ट्रक शेजारून गेला की सगळं अंग हलायचं. आपल्या मापात काय चुकतंय ते कळेना, म्हणून मे महिन्यात एके सकाळी मी जुलैत नेणार तसं सगळं सामान भरलं, हार्लनला आणि कुत्र्याला बसवलं आणि धान्याच्या कोठारावर गेले. सुगी नसली की तिथला वजनकाटा रिकामाच असतो. आत काटा सांभाळणारा गस असतो आणि गावातले सगळे निवृत्त शेतकरी कॉफी प्यायला असतात. मी ट्रेलर घेऊन काट्यावर चढले तशी सगळी मंडळी कप घेऊन बाहेर आली.

गसने आधी सगळं एकत्र तोललं. मग नुसता ट्रेलर. आकडा बघून त्याने काच पुसली आणि परत बघितलं. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "लियोटा, आत कोणी झोपलंय का?"

साडेसात हजाराला पन्नासच पौंड कमी. कागदावरच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन हजार जास्त. आणि गसकडच्या तक्त्याप्रमाणे तुझ्या गाडीच्या मागच्या चाकांवर तिला झेपेल त्यापेक्षा चारशे पौंड जास्त. म्हातारे लगेच सुरू झाले. एक म्हणाला, लियोटाचे तवे आहेत. दुसरा म्हणाला, हार्लनचा हट्ट आहे, त्याचंच वजन तेवढं भरेल. मी ट्रेलरमध्ये शिरले आणि एकेक कप्पा उघडला. पाण्याची टाकी रिकामी. कपाटात कपडे. शेवटी पलंगाची फळी उचलली.

दगड, व्हर्लिन. कॉफीचे डबे भरभरून दगड. जुन्या मोज्यांत गुंडाळलेले, एकावर एक, भिंतीपर्यंत. बाकाखाली तेच. हार्लन दर मुक्कामी नदीकाठाने फिरायचा आणि चकाकणारे गोटे, दगड झालेली लाकडं गोळा करायचा, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, दोनचार खिशात घालतो. त्या जुन्या धुडाला कशाचंच काही वाटत नसे, म्हणून इतक्या वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही.

मी एक डबा घेऊन गाडीपाशी आले. हार्लन सरळ समोर बघत बसला होता, ज्या समोरचं त्याला काही दिसत नाही. मला इतका राग आला होता. मी एक दगड काढून त्याच्या हातात आपटला. "हे काय आहे?"

त्याने तो बोटांनी फिरवला. म्हणाला, "वायोमिंग. तुझा पाय मुरगळला होता ते वर्ष. मी तुला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला होता."

मी दुसरा दिला. "साउथ डकोटा. रुथी गोवराने आजारी होती, आणि तू तिला रात्रभर गाणी म्हटलीस, सगळी बेसूर."

मग मी एकेक देत गेले आणि तो सांगत गेला. एकही चुकला नाही. मागे सगळे म्हातारे कप धरून ऐकत उभे. तो रोज दुपारी ट्रेलरमध्ये जाऊन रुसून बसतो असं मी तुला लिहिलं होतं. तो रुसत नव्हता. पलंगाची फळी उचलून एकेक दगड हातात घेऊन बसत होता. आता त्याला पाहता येतं ते एवढंच.

घरी आल्यावर तो म्हणाला, "काढून टाक. ओढ्यात टाकून ये. तुझ्या भावाची गाडी छान आहे, तिला झेपेल एवढंच नेऊ."

आणि मी नाही म्हटलं. हे मी म्हटलं, त्याने नाही. मी म्हटलं, चारशे अठरा जाईल तर दगडांसकट जाईल, आणि मी ओढीन.

मग मी पाऊण टनाची शोधायला निघाले. पाठीवर जास्त घेणारी तीच. आपल्या कंपनीची आधी पाहिली, तुझी शपथ. दोन पाहिल्या. एकीच्या मागच्या आसातल्या गिअरचे दाते सपाटीवर पळण्यासाठी होते, खिंड चढण्यासाठी नव्हेत, आणि दुसरीला झाकण बसेना. तिसरी विहिरी खोदणाऱ्या एका माणसाची होती. दिसायला ओबडधोबड, रंग खाकी, खिडक्या हाताने फिरवायच्या. मी विकत घेण्याआधी तिला कोठारावर नेलं, मागे ट्रेलर लावला आणि काट्यावर चढवली. सगळं तिच्या मापात बसलं, वर थोडी जागा उरली. तिच्या नाकावर कोणाचं नाव आहे ते मी त्यानंतर पाहिलं. बसच्या पगारातून घेतली, कोणाला विचारून नाही, हार्लनलाही नाही. तो तर घाबरला. म्हणाला, "व्हर्लिन आता मला दारात उभा करणार नाही."

तुझी गाडी वाईट नाही. बाबांची खेचरं केवढा नांगर ओढायची, पण पाठीवर धान्याचं पोतं टाकलं की बसकण मारायची, तरी बाबांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. मी तुला हे मेमध्येच लिहायला हवं होतं. तुझ्याकडून क्लच दाबून घेऊन मी चालवायला शिकले. त्या माणसाला गाडी परत देते असं कसं लिहू, या विचारात गारा आणि उवा लिहिल्या गेल्या.

आम्ही एक जुलैला निघतो. राग असेल तर असू दे, पण खिंड कशी उतरायची ते सांग. ते मला तुझ्याकडूनच हवं आहे.

तुझी,
ली


ओल्ड मिल
१८ जून १९८७

प्रिय ली,

माझं चुकलं असं मी म्हणत नाही. मॅक्सीन म्हणते. ती असंही म्हणते, की मी तळ्यावर होडी ओढायचो तेव्हाही गाडी मागून बसायची आणि मी रस्त्याला शिव्या द्यायचो. तिला गाड्यांतलं काही कळत नाही.

एल्डनला मी फोन केला आणि दगडांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काट्यावर चढवून, तोलून घेतलेली गाडी आपल्या सात पिढ्यांत कोणी घेतली नव्हती. बाबांनी नाही, मी नाही. आम्ही नाव बघून घेतली आणि मग आपला तो बाब्या. एल्डनला म्हटलं, माझ्या बहिणीने आधी वजन बघितलं आणि मग नाव.  तो म्हणाला, "बाई पक्की आहे." मी म्हटलं, माझी बहीण आहे.

आता खिंड. चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं, एकही वरचा नाही. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, दाबायचा आणि सोडायचा. मागे मोटारींची रांग लागेल, भोंगे वाजवतील. वाजवू देत. तू घर घेऊन चाललीयस, ते जेवायला चाललेत. माथ्यावर थांब, चाकांवर हात ठेवून ती तापलीत का बघ, कॉफी पी. वारा आडवा आला तर हळू हो, भांडू नकोस.

गोधड्या टाकल्यास ते कळलं. ऑगस्टमध्ये येऊन गाडी नेतो. तोवर आठवड्यातून एकदा चालव, तिला एकटं वाटू देऊ नकोस. आणि तुझी ती खाकी, कधी इकडे आलीस तर रस्त्यापलीकडे लाव. शेजाऱ्यांत माझी काही अब्रू आहे.

हार्लनला सांग, मिसूरीचा एक दगड त्याच्याकडे नसणार. मी माझ्या ओढ्यातून काढून ठेवलाय. लहान आहे, तोलून बघितला.

व्हर्लिन


मेळाव्याचं मैदान, कोलोरॅडो
६ जुलै १९८७

व्हर्लिन,

जाड काळ्या पेनाने लिहितोय, म्हणून अक्षर एवढं. ओळी वरखाली गेल्या असतील. लियोटाला दाखवणार नाही, ती दुरुस्त करत बसेल.

खिंड तुझ्या सांगण्याप्रमाणे झाली. मी शेजारी बसलो होतो. मला रस्ता दिसत नव्हता, कडेचे डोंगर दिसत होते. मी इंजिन ऐकत होतो. चाळीस वर्षं मी गाडी चालवली, इंजिन कधी चुकीच्या गिअरमध्ये रडतं ते मला कळतं. ते एकदाही रडलं नाही. मागून भोंगे वाजले. मी खिडकीतून डोकं काढून सांगणार होतो, ती म्हणाली, "ते जेवायला चाललेत, हार्लन." माथ्यावर थांबलो, कॉफी प्यालो. तिने चाकांना हात लावून पाहिलं, मलाही लावायला लावलं. गार होती.

मैदानाच्या दाराशी झेंडेवाला माणूस आला. तो नेहमीप्रमाणे डावीकडे, चालकाच्या खिडकीशी गेला, बाई पाहून थबकला आणि वळसा घालून माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, तिसऱ्या रांगेत, दोन झाडांच्या मधे मागे घ्या." मी म्हटलं, "मला कशाला सांगता? चालक तिकडे आहे." तो परत वळसा घालून गेला.

तिसऱ्या रांगेत सगळे खुर्च्या टाकून बसले होते. हा त्यांचा संध्याकाळचा खेळच असतो, येणारा कसा मागे घेतो ते बघायचं. जागा अरुंद होती, एकीकडे खंदक. कोणीतरी ओरडून विचारलं, "मागे कोण उभं राहणार?" लियोटाने माझ्याकडे पाहिलं असणार. मला तिचं तोंड दिसत नाही. म्हणाली, "हार्लन, उतर. तुझ्याशिवाय कोण दाखवणार?"

मी उतरलो, मागे जाऊन उभा राहिलो. जिथे ती एकवीस वर्षं उभी राहिली तिथे. व्हर्लिन, मला काय दिसत होतं माहीत आहे? एक झाड आणि आकाश. मधे होता तो ट्रेलर मला दिसतच नव्हता. मी चाकांखालची खडी ऐकत होतो आणि हात हलवत होतो, कारण सगळे बघत होते. ती आली ती एका दमात आली. एकदाही पुढे घेतली नाही. थांब म्हणून मी हात वर केला, तोवर ती थांबली होती, इंजिन बंद करून दार उघडत होती.

रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "चारशे अठरा आले" असं म्हणाले. ती माझ्यापाशी आली, दंड धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "छान दाखवलंस, हार्लन."

ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. मी काठी घेतली आणि तिसऱ्या रांगेतल्या एकेका खुर्चीपाशी जाऊन सांगून आलो, की मी काहीही दाखवलेलं नाही.

हार्लन